थडगी पाच, नाव एकच: पणजोबांच्या मागे कसं जायचं?

वाचकाचं पत्र: आमचं मूळ गाव तासगाव तालुक्यात. वडील नोकरीसाठी पिंपरीला आले, मी इथेच वाढले. आम्ही लिंगायत. पणजोबांचं नाव मल्लाप्पा, त्यापलीकडचं घरात कुणालाच सांगता येत नाही. मळ्यात बांधाला लागून पाच जुनी थडगी आहेत. एकावर अक्षरं आहेत, पण लागत नाहीत. फोटो सोबत जोडला आहे. घरात १९५७-५८ सालचा एक सातबारा सापडला. त्यावर आमच्या आडनावाऐवजी 'वाणी' लिहिलंय आणि पणजोबांच्या नावाशी '५ आ. ४ पै' असे आकडे आहेत. चुलतभाऊ दिवाळीनंतर जेसीबी लावून तो बांध सपाट करणार आहे. थडगी कुणाची, हे कळेल का? आणि पणजीचं नाव तरी?

उत्तर: ताई, बरंच कळेल. पण जेसीबीची तारीख ठरलेली आहे, म्हणून थडग्यांची नोंद आधी करा. ती कुणाची हे मात्र शेवटी ठरवा. बहुतेक लोक उलटं करतात. थडगं पाहिलं की 'हे खापरपणजोबांचं' असं ठरवून टाकतात आणि मग कागदांतून तेवढंच शोधतात.

येत्या शनिवार-रविवारी गावी जा, सोबत एक माणूस घ्या. सामान थोडंच लागतं: तीस मीटरची टेप, फूटपट्टी, जाड कागदावर लिहिलेले एक ते पाच आकडे, पाण्याची फवारणीची बाटली, मऊ ब्रश, एक चांगली बॅटरी आणि वही. आधी कच्चा नकाशा काढा. विहीर किंवा सर्व्हेचा दगड असा न हलणारा बिंदू धरा आणि तिथून प्रत्येक थडग्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. उत्तर दिशा दाखवा. मग प्रत्येक थडग्याची लांबी, रुंदी, उंची आणि वर काय आहे ते लिहा: शिवलिंग, नंदी, पादुका की नुसता चौथरा.

आकाराकडे नीट बघा. लिंगायतांत बसलेल्या स्थितीत दफन करतात, त्यामुळे कट्टा साधारण चौकोनी असतो. पाचांपैकी एखादं थडगं माणसाएवढं लांबट आणि दक्षिणोत्तर असेल, तर ते दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता धरून चाला. शेत एका घरातून दुसऱ्या घरात जातं, थडगी तिथेच राहतात. एखादा उभा दगड तीन-चार कप्प्यांचा असेल, म्हणजे खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्रसूर्य, तर तो वीरगळ आहे. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर ती सतीशिळा. हे दगड अनेकदा यादवकाळातले, सात-आठशे वर्षांपूर्वीचे निघतात. आपल्या माहीत असलेल्या पिढ्यांशी त्यांचा धागा जोडता येत नाही, आणि जोडूही नये. असा दगड दिसला तर त्याचा फोटो राज्य पुरातत्त्व विभागाला पाठवा.

आता अक्षरांचा दगड. भर दुपारी काढलेल्या फोटोत अक्षरं मरतात, तुमच्या फोटोचंही तेच झालंय. उन्हं तिरपी असताना, सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात किंवा मावळायच्या आधी फोटो घ्या. त्याहून चांगलं म्हणजे अंधार पडू द्या, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा आणि दुसऱ्या माणसाला फोटो काढायला सांगा. उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असा चार बाजूंनी घ्या. एका उजेडात न दिसलेली मात्रा दुसऱ्यात उभी राहते. दगड पाण्याने हलका भिजवला तरी अक्षरं उठतात.

खडू, रांगोळी, पीठ, कोळसा यांनी अक्षरं भरू नका. भरताना तुम्ही तुमचा अंदाजच भरता, आणि पुढचा माणूस तो अंदाज मूळ अक्षर म्हणून वाचतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर अजिबात नको. चुन्याचे किंवा शेंदराचे थर चढले असतील तर ते खरवडू नका, थराबरोबर कडाही निघतात. वाचलेलं जसंच्या तसं, ओळीला ओळ लिहा आणि गेलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. १ आणि ९, तसंच ४ आणि ५ झिजल्यावर सारखे दिसतात, तिथे दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

तुमच्या फोटोत 'शके १८' एवढं दिसतं, पुढचे दोन आकडे उडालेत. पण खालच्या ओळीत 'बहुधान्य' स्पष्ट आहे, आणि हा शब्द फार कामाचा आहे. ते संवत्सराचं नाव. संवत्सरं साठ, त्यामुळे तेच नाव साठ वर्षांनी परत येतं. शके १८ ने सुरू होणाऱ्या शतकात बहुधान्य दोनदाच आलं: शके १८००, म्हणजे १८७८-७९, आणि शके १८६०, म्हणजे १९३८-३९. (शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे.) म्हणजे हा मृत्यू या दोनांपैकी एका वर्षातला. 'लिंगैक्य' या शब्दाच्या (लिंगायतांत मृत्यूला असं म्हणतात) आसपास महिना आणि तिथी असते. महिना जरी वाचता आला तरी पुढचा शोध कितीतरी सोपा होतो.

आता कागदांकडे. तुमच्या हातातला सातबारा दिसतो त्यापेक्षा जास्त बोलतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण हिस्सा, आणि आण्याच्या पै बारा. सोळा आण्यांचे झाले १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, बरोबर तिसरा हिस्सा. म्हणजे त्या जमिनीत मल्लाप्पांच्या जोडीला आणखी दोन वाटे होते, बहुधा दोन भाऊ किंवा त्यांची मुलं. त्यांची नावं त्याच उताऱ्यावर किंवा शेजारच्या हिस्सा नंबरावर असणार. ही तिन्ही घरं म्हणजे तुमची भावकी. थडगी जर या तिघांच्या बापाची किंवा आजाची असतील, तर ती एकट्या तुमच्या घराचीही नाहीत आणि एकट्या चुलतभावाचीही नाहीत.

'वाणी'ने गोंधळून जाऊ नका. त्या काळी तलाठी किंवा कुलकर्णी आडनावाच्या जागी जात, धंदा किंवा मूळ गाव लिहीत. आजचं आडनाव बहुतेक घरांत शाळेत नाव घालताना पक्कं झालं. त्यामुळे जुन्या कागदांत आडनाव शोधत बसू नका. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि जमिनीचा नंबर, या तीन खुणा जुळल्या पाहिजेत. दोनच जुळल्या तर नोंद पेन्सिलीने लिहा.

सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरच्या नावात झालेल्या बदलाच्या नोंदीचे नंबर. प्रत्येक वारस फेरफारात मयत कोण, वारस कोण, नातं काय, हे लिहिलेलं असतं; तुमच्या शोधाचा कणा तोच. मल्लाप्पांचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं ते काढा. त्यात त्यांचे वडील 'मयत' म्हणून आले असतील. मग वडिलांचं नाव कोणत्या फेरफाराने आलं, ते. असं एकेक पायरी मागे जायचं, उडी मारायची नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. सगळ्या गावांपर्यंत पोचायला तिला काही वर्षं लागली, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फेरफारांनी जाता येतं.

वाटेत अडथळे आहेत. पहिला गट नंबरचा. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट आणि १९५७ चा सर्व्हे नंबर जुळवायला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचं पत्रक घ्या. 'नऊ-तीन, नऊ-चार'चा उतारा म्हटलं की तिथे कळतं. क्षेत्र ताडून पाहताना एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर झालंय हे ध्यानात असू द्या. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, साधारण ०.४० हेक्टर.

दुसरा अडथळा कुळाचा. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. त्याच सुमाराला मल्लाप्पांचं नाव कब्जेदार म्हणून पहिल्यांदा लागलं असेल, तर त्याआधी ते कूळ असू शकतात. मग जमिनीचा धागा मागे नेलात तर तो सावकाराच्या घरात शिरेल आणि तुम्ही भलत्याच वंशावळीत अडकाल. अशा वेळी मालकाचा रकाना सोडा. इतर हक्क आणि पीकपाहणी पाहा, कसणाऱ्याचं नाव तिथे असतं.

तिसरी गोष्ट तारखेची. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारसनोंद दहा-पंधरा वर्षं लांबलेली सर्रास दिसते, कधी कर्ज काढायची वेळ आल्यावरच ती झालेली असते. मजकुरात 'अमुक साली मयत' असेल तर ते साल धरा, एरवी नुसतं 'या तारखेपूर्वी' एवढंच लिहा. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या पाठीमागे भाऊ असतात, पण कागदावर येत नाहीत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान होतं, आणि सांभाळणारी बहुधा आई. पणजी शोधताना ही तीन अक्षरं जिथे दिसतील तिथे थांबा.

अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात करायचा. 'आमच्या पूर्वजांचे सर्व कागद द्या' असा अर्ज केला की 'आढळून येत नाही' असं उत्तर येतं, आणि त्यात कारकुनाचा दोष नसतो. गाव, जुना सर्व्हे नंबर, नमुना आणि साल लिहा: 'गाव नमुना ७/१२, सर्व्हे नंबर अमुक, सन १९५० ते १९७०', 'गाव नमुना ६, फेरफार क्रमांक अमुक'. नमुन्यागणिक वेगळा अर्ज द्या. सातबारे दर काही वर्षांनी नव्याने लिहिले जातात आणि तेव्हा जुनी नावं गळतात, म्हणून एकच उतारा पुरत नाही, मागची सगळी पुस्तकं लागतात. महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार मिळतात. गावी जाण्याआधी तिथे एकदा पाहा.

एक साधी गोष्ट अनेकांना दमवते. सांगली जिल्हा हे नाव १९६० चं. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. त्याआधी तासगाव सातारा जिल्ह्यात होतं, त्यामुळे जुन्या कागदांच्या डोक्यावर 'जिल्हा सातारा' असणार आणि काही दप्तर तिकडे राहिलेलं असू शकतं. शेजारची गावं मात्र १९४८ पर्यंत संस्थानांत होती: सांगली, मिरज, जत, औंध. पणजीचं माहेर अशा गावात असेल तर त्या कागदांचा साचा आणि ठिकाण दोन्ही वेगळं.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावच्या जन्म-मृत्यूची वही. जुन्या वह्या आता बहुतांशी तहसीलच्या अभिलेख कक्षातच असतात. तुमच्या दगडाचा निकाल इथे लागू शकतो. मार्च-एप्रिल १९३८ ते मार्च १९३९ एवढ्या काळातल्या मृत्यूंची पानं मागा. मल्लाप्पांच्या बापाचं नाव तिथे भेटलं आणि थडग्यावरच्या महिन्याशी जुळलं, तर एक थडगं पक्कं झालं. नाही भेटलं तर १८७८-७९ उरतं, पण इतकी जुनी वही टिकलेली असण्याची आशा कमी धरा. या वह्यांत वय गोल आकड्यात असतं, चाळीस, पन्नास, साठ. ते दहा वर्षं मागेपुढे समजा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतंच बहुधा, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून या वह्यांची पानं स्कॅन होऊन काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. शोध दुसऱ्या कारणाने झाला असला, तरी पान अख्ख्या गावाचं असतं. तुमच्या गावचं पान दिसलं तर शेजारच्या ओळीही वाचा.

जुनी पानं मोडीत असतील. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वाचणाऱ्याला 'अर्थ सांगा' म्हणू नका, ओळीला ओळ देवनागरीत उतरवून मागा, आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, मुसलमान घरांत 'वलद'. 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. तारखा फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, असतील तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१. पेशवाईतल्या कागदांवर सन अरबी शब्दांत असतो: 'खमस अर्बैन मया व अलफ' म्हणजे पाच, चाळीस, शंभर आणि हजार, ११४५. त्यात ५९९ मिळवले की १७४४-४५. पण तुम्हाला तिथपर्यंत जावं लागेलच असं नाही. इनाम, वतन किंवा मठाची जमीन निघाली तरच पुण्याच्या पुराभिलेखागाराची पायरी चढा. साध्या रयतेचं नाव पेशवे दप्तरात शोधणं म्हणजे गंजीत सुई शोधणं आहे, आणि बरेच लोक सुरुवातच तिथून करून महिनाभरात दमतात.

तुमच्या भागात एक असा माणूस आहे जो अभिलेख कक्षाला माहीत नसलेलं सांगतो: हेळवी. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी ठेवणारा हा समाज. सुगीनंतर नंदी घेऊन दारात येतो, पिढ्या म्हणून दाखवतो, नवी जन्मलेली नावं वहीत चढवतो आणि धान्य, कापड घेऊन जातो. प्रत्येक हेळव्याची घरं वंशपरंपरेने वाटलेली असतात. तुमचा हेळवी कोण, शेवटचा कधी आला, हे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुषांपेक्षा बायकांना हे जास्त आठवतं, कारण सुपातून धान्य त्यांनी घातलेलं असतं. गाठ पडली की त्याचं म्हणणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, मानाचं जे असेल ते द्या, आणि वही परवानगीशिवाय हातात घेऊ नका. नावांचा क्रम बहुधा भरवशाचा असतो. घराणं मूळ कुठून आलं याची कथा मात्र कथा म्हणूनच लिहून ठेवा. हेळव्याच्या यादीतलं नाव आणि फेरफारातलं नाव जिथे एकत्र येतं, ती पिढी पक्की.

सगळ्यात मोठी फसगत नावांच्या पुनरावृत्तीत होते. आजाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने मल्लाप्पा बिन सिदाप्पा, मग सिदाप्पा बिन मल्लाप्पा, पुन्हा मल्लाप्पा बिन सिदाप्पा अशी साखळी होते, आणि दोन वेगळे मल्लाप्पा एकच धरले की दोन पिढ्या गडप. पडताळा सोपा आहे. पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षं धरा. बाप आणि मुलगा यांच्यात साठ वर्षांचं अंतर दिसलं तर मधलं कुणीतरी सुटलंय, किंवा दत्तक आलंय. दत्तकाची खूण फेरफाराच्या मजकुरात असते.

आणि पणजी. कागद तिला सहजी दाखवत नाहीत, तरी चार ठिकाणी ती सापडू शकते. मल्लाप्पांच्या वारस फेरफारात 'विधवा' म्हणून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत बायको आणि मुली नावानिशी येतात. मुलं अज्ञान असताना अ.पा.क. म्हणून. कोतवाल बुकात तिच्या मृत्यूला 'कोम मल्लाप्पा' म्हणून. आणि थडग्यावर. तुमच्या पाचांतलं अक्षरांचं थडगं पुरुषाचंच असेल असं धरू नका, लिंगायतांत बायकांच्याही समाध्या बांधतात. माहेरचं नाव मात्र कागदात मिळणं अवघड आहे. ते माणसांत शोधावं लागेल. नात्यातल्या वयस्कर बायकांना 'वंशावळ सांगा' म्हटलं की त्या गप्प होतात. त्याऐवजी विचारा: आजोबांच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं होतं? आजीला बाळंतपणाला कुठल्या गावाला नेलं? कुठल्या जत्रेला बैलगाडी जुंपायचे? मठ कुठला, जंगम (लिंगायतांचे पुरोहित) कुठल्या गावचे यायचे? साल विचारू नका, घटना विचारा: मानमोडीच्या साथीआधी की नंतर (१९१८), पत्री सरकारच्या वेळी (१९४३-४६), कोयनेच्या भूकंपात (डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळात. गाव कळलं की तिथल्या शाळेचं जनरल रजिस्टर तिच्या भावांसाठी चाळा. त्यातली १ जून ही जन्मतारीख मास्तरांनी घातलेली समजा, पण बापाचं नाव आणि गाव बहुधा खरं असतं.

राहिला चुलतभाऊ. त्याच्याशी भांडणाने सुरुवात करू नका. बांध मोडायचा त्याचा हेतू ट्रॅक्टर फिरवायला जागा एवढाच असेल. पाच कट्टे मिळून जागा गुंठाभरही भरणार नाही. तुमच्या मोजमापाचा कागदच त्याला दाखवा. ५ आणे ४ पैचा उतारा आणि सध्याचा सातबाराही बरोबर न्या आणि उरलेल्या दोन वाट्यांच्या घरांनाही त्या बैठकीला बोलवा. ते क्षेत्र आज कुणाकुणाच्या नावावर आहे, हे तिथेच स्पष्ट होऊ द्या. थडगी हलवायचीच असं ठरलं, तर आधी जंगमांना आणि गावच्या पोलीस पाटलांना सांगा. पोकलेन, जेसीबी चालवणाऱ्याला बजावा की कट्ट्याखाली पोकळी किंवा अस्थी लागल्या की मशिन तिथेच थांबवायचं. लिंगायत समाधीत देह कट्ट्याच्या अगदी खाली असतो आणि हातात इष्टलिंग, म्हणजे त्याने जन्मभर अंगावर बाळगलेलं छोटं लिंग, असतं. अक्षरांचा दगड मात्र कुठल्याही परिस्थितीत बांधावरच्या ढिगात टाकू देऊ नका. तो सरळ उभा करून, अक्षरं पावसाच्या उलट दिशेला ठेवून, घरच्या परड्यात ठेवा आणि मूळ जागेचं टेपचं माप मागच्या बाजूला चिकटवण्याऐवजी तुमच्या वहीत आणि भावकीतल्या आणखी दोन घरांत लिहून ठेवा.